तोफेच्या वेळची टोपी

१

वॉल्ट गॅडीला डोक्यावर टोपी नसताना हॅलोवे गावात फारसं कुणी पाहिलं नव्हतं. टक्कल लपवतो म्हणावं तर टक्कल नव्हतं. तीस वर्षं सैन्यात काढली, टोपी डोक्याला चिकटली ती चिकटलीच, असं तो स्वतःच सांगायचा. हाच वॉल्ट गुरुवारी संध्याकाळी आपल्या दुकानातल्या मोठ्या खिडकीपाशी पालथा पडलेला सापडला. गोळी पाठीत लागली होती, आणि टोपी छातीखाली, मुठीत चुरगळलेली होती.

दुकान फोर्ट गॅरिकच्या मुख्य फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे. छावणीत खाजगी पिस्तूल न्यायला बंदी. गावात भाड्यानं राहणारे सैनिक मात्र कमरेला पिस्तूल लावून घराबाहेर पडतात. मग फाटकाशी आल्यावर ते ठेवायचं कुठं? तर वॉल्टकडे. भिंतीला लोखंडी लॉकर, सकाळी ठेवायचं, संध्याकाळी घ्यायचं. भाडं मामुली, कॉफी फुकट आणि म्हाताऱ्याचा उपदेशही फुकट.

शुक्रवारी सकाळी ओपल ट्रुइट दुकानात शिरली तेव्हा डेप्युटी केंडल पाइक छाती पुढं काढून तिची वाटच बघत होता. ओपल शेरीफच्या कचेरीतली तपास अधिकारी. त्याआधी वीस वर्षं लष्करी पोलिसात होती, त्यातली बरीचशी याच फाटकावर गेली.

"प्रकरण आरशासारखं स्वच्छ आहे, मॅडम," पाइक म्हणाला.

"आरशात आपलंच तोंड दिसतं, केंडल. काय झालं ते सांग."

"सार्जंट रोवेना माकी. छावणीतून निघाली, इथं आली, स्वतःच्या लॉकरमधलं पिस्तूल काढलं आणि म्हाताऱ्याला घातली गोळी. लॉकर उघडा, पिस्तूल हातात. कॉर्पोरल लेसार्डनं तिला तशीच धरली. बिचारा आवाज ऐकून स्वतःचं पिस्तूल उपसून धावत आला म्हणून, नाहीतर पळालीच असती."

"आणि म्हाताऱ्यानं तिचं काय घोडं मारलं होतं?"

"तिचा पिस्तुलाचा परवाना संपलाय. तिच्या घरच्या राज्याचा, तळ्यांच्या मुलखातला. तारीख उलटून गेली तरी ही बाई खुशाल पिस्तूल लपवून हिंडत होती. वॉल्टनं तक्रार करायची धमकी दिली. तक्रार झाली असती तर नोकरी गेली असती." पाइकनं दोन्ही हात झटकले. "उद्या सकाळी न्यायाधीशांपुढे उभी करायची. शेरीफ म्हणाले, तुमची सही झाली की संपलं."

"धमकीचं तुला कोण बोललं?"

"लेसार्डच. दोघं एकाच गावचे आहेत."

ओपल खिडकीपाशी गेली. तिथून रस्ता, फाटक आणि फाटकामागचा उंच झेंडा सरळ दिसत होता. जमिनीवर खडूनं आखलेली म्हाताऱ्याची आकृती. डोकं खिडकीकडं, पाय लॉकरकडं.

"केंडल, तक्रार करायला निघालेला माणूस ज्याच्याशी भांडतो त्याच्याकडं तोंड करून उभा राहतो. हा पाठ फिरवून काय बघत होता?"

पाइक खांदे उडवून म्हणाला, "रहदारी बघत असेल."

ओपलनं सही केली नाही.

२

कोठडीत रोवेना माकी ताठ बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज परेडवरचा.

"माझा मुलगा शेजारणीकडं आहे," ती आधी एवढंच बोलली. "ईनो. सात वर्षांचा. त्याच्या बापानं ताबा मागायला दावा लावलाय, तारीख पुढच्या आठवड्यात आहे. माझ्यावर एकदा का खुनाचा ठपका आला, की मग मी सुटले काय आणि न सुटले काय, पोरगा गेला."

"मग रडायला नंतर बसू," ओपल म्हणाली. "लॉकर तू उघडलास?"

"नाही. मी आत आले तेव्हा उघडाच होता. वॉल्ट पडलेला, शेजारी पिस्तूल. पिस्तुलाच्या नळीवरच्या माशीवर, नेम धरायच्या टोकावर, मी लाल नखरंगाचा ठिपका दिलाय, म्हणून लांबूनच ओळखलं. माझं पिस्तूल इथं कसं म्हणून उचललं. मूर्खपणा केला, कळतंय मला. तेवढ्यात ब्रेंट दारात, पिस्तूल रोखून."

"ब्रेंट म्हणजे लेसार्ड. परवान्याचं काय?"

रोवेना पहिल्यांदाच चिडली. "मॅडम, तुम्ही तरी असं नका विचारू. तो पाइक कालपासून माझ्यापुढं तारीख नाचवतोय. माझ्या राज्यात कायदा आहे. हुकमानं राज्याबाहेर नेमणूक झालेल्या सैनिकाचा परवाना तारीख उलटली तरी मरत नाही. नोकरी चालू आहे तोवर चालतो. फक्त नेमणुकीचा हुकूम सोबत हवा. माझा परवान्याच्या मागंच घडी करून ठेवलाय. पाइकनं तो कागद उघडलासुद्धा नाही."

"वॉल्टला हे माहीत होतं?"

"त्याला? त्याला सगळ्या राज्यांचे नियम तोंडपाठ. ज्याच्या परवान्याची तारीख उलटलीय त्याला महिन्या-महिन्यानं अडवायचा. 'हुकूम दाखव बाळ, मगच कॉफी.' माझा त्यानं परवाच बघितला आणि म्हणाला, तू ठणठणीत आहेस, तुझ्या कार्डाचा फोटो तेवढा म्हातारा झालाय." ती हसायला गेली, मग तिनं नाक पुसलं. "ब्रेंटलाही अडवायचा. आम्ही परवाना एकाच दिवशी काढलेला, सैन्यात जायच्या आधी. त्याच्या मामाच्या गाडीतून गेलो होतो."

ओपलच्या मनात काहीतरी टोचलं, पण तिनं ते तसंच राहू दिलं. टोचणाऱ्या गोष्टीला लगेच उपटू नये, आधी ती कुठं दुखते ते बघावं, अशी तिची रीत.

"काल संध्याकाळी झेंडा उतरवायचा बिगुल झाला तेव्हा तू कुठं होतीस?"

"फाटकाच्या आत. घरी निघाले होते. बिगुल वाजला, सगळ्यांसारखी गाडी थांबवली, उतरले, झेंड्याकडं तोंड करून उभी राहिले. रोजची सलामीची तोफ झाली, झेंडा उतरला, मग निघाले आणि सरळ वॉल्टकडं आले."

"तुला तिथं उभी असताना कुणी पाहिलं?"

"सगळ्यांच्या नजरा झेंड्यावर होत्या, मॅडम. मला कोण बघणार?"

छावणीकडं कॅमेऱ्यातलं चित्रण मागावं तर अर्जावर अर्ज फिरून आठवडा जाणार. हातात उद्या सकाळपर्यंतचाच वेळ होता. ओपल उठली, तशी रोवेनानं गज धरले.

"मॅडम, ब्रेंटनं पाइकला माझा परवाना मेलाय म्हणून सांगितलं? खरंच त्यानं सांगितलं?"

"खरंच. का?"

"कारण या अख्ख्या गावात तो मेलेला नाही हे माझ्यानंतर त्यालाच माहीत आहे."

३

मात्र वॉल्टच्या मरणानं खऱ्या अर्थानं कुणाचं भलं झालं असेल, तर ते त्याच्या मेव्हण्याचं. ड्युई दुकानाचा अर्धा मालक. जागा विकून समुद्रकाठी राहायला जायचं म्हणून तीन वर्षं वॉल्टच्या मागं लागला होता. मागच्या दाराची किल्लीही त्याच्याकडं होती. ओपलनं त्याला शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातच गाठला. तो भिंतीशी बसला होता, अर्धा गाल गुळगुळीत आणि अर्ध्यावर कालचे खुंट.

"ड्युई, हे तोंड असं काय?"

"ऑर्विलला विचार," ड्युई कण्हला. "काल अर्धी दाढी झाली आणि बाहेर आरडाओरडा. तेव्हापासून तो वस्तऱ्याला हात लावत नाही. हात कापतात म्हणे."

"कापतातच," ऑर्विल न्हावी म्हणाला. "आणि ओपल, याच्यावर संशय घेत असशील तर वेळ फुकट घालवतेस. काल बिगुलाच्या आधीपासून हा या खुर्चीत होता. गळ्याशी वस्तरा असलेला माणूस कुठं जातो?"

"तुला गोळीचा आवाज आला?"

"नाही ना. तेच तर कोडं आहे. भिंतीला भिंत लागून आहे. तिथं कुणी शिंकलं तर मी इथून 'देव भलं करो' म्हणतो. काल बिगुल झाला, तोफ झाली, आणि मग सरळ त्या कॉर्पोरलचं ओरडणं. मध्ये काही नाही."

"तोफ नेहमीसारखी?"

"नेहमीसारखी." ऑर्विल थांबला. "म्हणजे, आवाज नेहमीसारखा. पण ती बाटली पडली."

"कुठली बाटली?"

"या फळीवरची, लोशनची. त्या भिंतीला लागून असते. वीस वर्षं रोज तोफ ऐकतेय ती बाटली, कधी हलली नाही. काल पडून फुटली. ड्युई म्हणालासुद्धा, आज सरकारनं दारू जास्त भरली वाटतं."

ड्युईनं अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. "म्हणालो होतो."

ओपल त्या भिंतीकडं बघत राहिली. भिंतीपलीकडं वॉल्टची खिडकी होती. आणि मग तिला टोपीचा उलगडा झाला. तिला स्वतःचाच राग आला. वीस वर्षं फाटकावर उभं राहून जी गोष्ट रोज संध्याकाळी बघितली, ती सकाळी खडूच्या रेघांपाशी उभं राहून दिसू नये?

"ड्युई," ती हळू म्हणाली, "बिगुलाच्या वेळी वॉल्ट काय करायचा?"

"तेच, रोजचं. गिऱ्हाईक असो नसो, खिडकीशी जायचा, टोपी काढायचा, छातीशी धरायचा. तोफ होऊन झेंडा खाली येईतो हलायचा नाही. त्या वेळात दुकान लुटून नेलं असतंस तरी मागं वळून बघितलं नसतं त्यानं."

४

लेसार्डचं घर गावाच्या टोकाला, पांढऱ्या कुंपणाचं. तो ओसरीवर गणवेशात बसला होता. त्याची बायको जोसी गर्भार होती, पाच-सहा महिन्यांची. ओपल नको नको म्हणत असताना तिनं गोड थंड चहाचा उंच पेला पुढं केला.

"आज सुट्टी दिली त्यांनी याला," जोसी म्हणाली. "कालचं सगळं बघितल्यावर. रात्रभर झोपला नाही. मी म्हणते, अरे तू तिला पकडलंस, तुझं काय चुकलं?"

"जोसी, तू आत जा ना जरा," लेसार्ड म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. दिसायला गोरागोमटा, बोलायला नम्र. कुठल्याही आईला जावई म्हणून पसंत पडावा असा.

"मला फक्त एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय," ओपल म्हणाली. "सावकाश सांग."

"मी घरी निघालो होतो, मॅडम. बिगुल संपला आणि फाटकातून बाहेर पडलो. रस्त्यावर आलो तोच वॉल्टच्या दुकानातून गोळीचा आवाज. मी गाडी तिथंच सोडली, पिस्तूल उपसलं आणि धावलो. रोवेना त्याच्यावर वाकली होती. मी म्हणालो, टाक ते. तिनं टाकलं."

"धीराचा आहेस. पिस्तूल कुठलं, हे कमरेचं?"

"हेच." त्यानं सदऱ्याची कड उचलून दाखवलं. "ते मी काल डेप्युटींनाही काढून दाखवलं होतं. त्यांनी हुंगून बघितलं आणि परत दिलं."

"परवाना?"

लेसार्डनं सदरा परत खाली ओढला. "आहे की. रोवेनासारखा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चालू आहे."

ओपलनं चहा संपवला, जोसीला हाक मारून आभार मानले आणि गाडीत बसली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिचा पाय आपोआप ब्रेकवर पडला. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून शिव्या देत गेला, तिला ऐकूही आलं नाही.

फाटकावरच्या नोकरीत तिनं हजारो माणसं तपासली होती. आत जाताना आणि बाहेर येतानाही. फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसाची कंबर रिकामी असते.

५

दुपारी तिनं लेसार्डच्या तुकडीच्या कचेरीत एकच फोन केला. पलीकडच्या कारकुनानं नाव दोनदा विचारलं. "लेसार्ड? अहो, त्याला वसंतातच काढलं. भांडारातल्या वस्तू परस्पर विकल्या त्यानं. तुम्हाला कुणी सांगितलं तो अजून इथं आहे?"

बिगुलाच्या थोडं आधी ओपलनं लेसार्डला वॉल्टच्या दुकानात बोलावलं. कागदावर चढवण्यापूर्वी प्रसंग एकदा जागेवर बघायचाय, असा निरोप. तो आला, गणवेशात. पाइकनं दारातच त्याचं पिस्तूल मागून घेतलं. ओपलनं तसं बजावलं होतं, का ते मात्र त्याला सांगितलं नव्हतं.

"कॉर्पोरल, तू इथं उभा राहा, लॉकरपाशी," ती म्हणाली. "केंडल, तू दाराशी. वॉल्ट मी."

फाटकापलीकडं बिगुल सुरू झाला. ओपल खिडकीशी गेली, हॅट काढली, छातीशी धरली आणि झेंड्याकडं तोंड करून उभी राहिली. तिची पूर्ण पाठ लेसार्डकडं होती. रस्त्यापलीकडं फाटकाच्या आत गाड्या थांबत होत्या, माणसं उतरून ताठ होत होती. बिगुल लांबत गेला. शेवटचा सूर विरला आणि तोफ झाली. मग दुसरा बिगुल, आणि झेंडा खाली येऊ लागला. ओपल हलली नाही. झेंडा उतरल्यावर ती वळली.

लेसार्ड सलाम ठोकून उभा होता. सवयीनं. त्याचा हात अजून कपाळाशी होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हात खाली घे," ओपल म्हणाली. "केंडल, नीट ऐक, कारण उद्या न्यायाधीशांना तू सांगणार आहेस. वॉल्टची टोपी मुठीत, छातीखाली होती. तो टोपी फक्त या वेळी काढायचा. म्हणजे गोळी बिगुलाच्या वेळी लागली. ऑर्विलला आवाज आला नाही, पण बाटली पडली, म्हणजे गोळी आणि तोफ एकदमच सुटली. त्या वेळी बिगुलासाठी आत थांबलेला माणूस इथं असूच शकत नाही. रोवेना तोफेनंतर आली. मग बाहेर पडताना तोफेनंतरची गोळी या महाशयांनी कुठून ऐकली? तशी गोळी सुटलीच नाही."

"पण मॅडम, त्याचं पिस्तूल—"

"तेच तर. छावणीतून येत होता म्हणतो. छावणीतून येणाऱ्याचं पिस्तूल वॉल्टकडं असतं, कुलुपात. ते कमरेला हवं तर आधी या दुकानात यायला हवं. तू त्याला काल शाबासकी देत होतास तेव्हा त्याची लबाडी त्याच्या कमरेलाच लटकत होती. आपण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो, केंडल."

पाइकचं तोंड उतरलं.

"आता परवाना," ओपल लेसार्डकडं वळली. "दोघांनी एकाच दिवशी काढला. दोघांची तारीख एकाच दिवशी उलटली. तिचा जिवंत आहे, कारण ती सैन्यात आहे. तुझा चालू होता, पण ज्या दिवशी तुला काढलं त्या दिवसापासून त्याला ना सवलत उरली ना हुकूम. तारीख उलटली तशी तो मेला. तिचा परवाना तारखेमुळं बुडत नाही हे तुला पक्कं माहीत होतं. गावचा माणूस म्हणून तू सगळ्यांत आधी तिच्या बाजूनं बोलायला हवं होतंस. तू उलटं बोललास. कारण ती सवलत कुणी समजावून घेतली असती, तर पुढचा प्रश्न तुलाच होता, बाळ, हुकूम दाखव."

लेसार्ड मटकन स्टुलावर बसला.

"काल म्हाताऱ्यानं माझं पिस्तूल गल्ल्याखाली ठेवलं होतं," तो म्हणाला. "रोज सकाळी मी ते इथं ठेवून जायचो. दिवसभर नदीकाठी गाडीत बसायचो, संध्याकाळी परत घ्यायचो. जोसीला वाटायचं मी कामावर आहे. काल तो म्हणाला, हुकूम नाही, परवाना नाही, कमरेला लावून तुला जाऊ देणार नाही. बायकोला घेऊन ये, तिच्यादेखत कुलुपाच्या पेटीत घालून देतो. मी पाया पडलो त्याच्या. तेवढ्यात बिगुल झाला. तो खिडकीशी गेला, टोपी काढली. किल्ल्यांचा जुडगा गल्ल्यावर होता. माझं पिस्तूल वापरलं असतं तर लगेच सापडलो असतो. रोवेनाचा लॉकर मला माहीत होता, ती तोफेनंतर लगेच येते हेही माहीत होतं. माझ्या खिशात गणवेशाचे हातमोजे होते. मग माझं पिस्तूल गल्ल्याखालून काढलं आणि ती आत शिरेपर्यंत बाहेर दबा धरून राहिलो."

"पहिल्या बिगुलापासून तोफेपर्यंत बराच अवधी जातो," ओपल म्हणाली. "आत्ता मीही मोजत उभी होते. मन बदलायला पुरला असता."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"रोवेनाचं पोर जाणार होतं, ठाऊक होतं तुला?"

"हो."

ओपलला संताप आला आणि तिनं तो लपवला नाही. "त्याचं उत्तर तू न्यायाधीशांना दे. माझ्याजवळ त्याला शब्द नाहीत." तिनं पाइकला खूण केली. "बेड्या घाल. आणि शेरीफना फोन कर, सार्जंट माकी आज रात्रीचं जेवण आपल्या पोराबरोबर घरी करणार आहे. उद्यावर ढकलू नका म्हणावं."

गाडीत बसताना लेसार्ड म्हणाला, "मॅडम, एक विनंती आहे. जोसीला तुम्ही सांगाल? माझ्या तोंडून नाही व्हायचं ते."

ओपलनं हॅट डोक्यावर चढवली आणि आरशातून त्याच्याकडं बघितलं.

"वॉल्टनं तुझ्याकडं काय मागितलं होतं? पैसे नाही, तक्रारही नाही. बायकोला खरं सांग, एवढंच मागत होता म्हातारा. त्यासाठी तू त्याला मारलंस. ते तुलाच करावं लागेल."

तिनं गाडी तुरुंगाकडं न नेता गावाच्या टोकाकडं वळवली. पांढऱ्या कुंपणापाशी थांबवली, त्याला उतरवला आणि दंडाला धरून ओसरीच्या पायऱ्या चढवल्या. दार ठोठावण्याआधीच उघडलं. जोसीच्या हातात उद्याचा डबा होता. ती आधी हसली, मग तिला बेड्या दिसल्या.

ओपलनं हॅट काढून हातात घेतली.

"सांग तिला," ती म्हणाली.